एक जुलैची माणसं

१ जुलै २०२४, सोमवार

"पाच जनाईले एका दिव्यात कसं ओवाळू?" वच्छलाबाईंची दर वर्षीची कुरकुर. आणि दर वर्षी एकाच दिव्यात भागवतात!

आज शाळा उघडली आणि आज आमचा वाढदिवस. आमचा म्हणजे अकरा जणांच्या स्टाफमधल्या पाच जणांचा. मुख्याध्यापक चंद्रकुमार सर, खेळाचे अतुल सर, गणिताचे तेजराम सर, शिपाई वच्छलाबाई स्वतः, आणि मी. पाच खुर्च्या एका रांगेत. वच्छलाबाई आधी आम्हा चौघांना ओवाळतात, मग ताट माझ्या हातात देऊन पदर सावरत शेवटच्या खुर्चीवर बसतात आणि मी त्यांना ओवाळते. चिवडा, जिलेबी, फोटो. पोरं यायच्या आत सगळं आटोपतं.

नव्या संगीताच्या मॅडमना आश्चर्य वाटलं. पाच जण एकाच तारखेला? त्या शहरातल्या, दवाखान्यात जन्मलेल्या. त्यांना काय कळणार! आमच्या आयांनी तारखा लिहून ठेवल्या नाहीत. शाळेत नाव घालताना गुरुजी सहा वर्षं मागे मोजायचे आणि एक जुलै टाकून मोकळे व्हायचे.

माझी आणि तेजराम सरांची तर वर्षासकट एकच — १ जुलै १९८०. एकाच गावची आम्ही. वासुदेवराव गुरुजींनी दोघांचीही नावं एकाच सकाळी घातली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. टेकला की पहिलीत, नाही टेकला की घरी. माझे हात लहानपणापासून लांब. फटकन टेकला! तेजरामनं त्याच महिन्यात माझी पाटी फोडली होती. आता सतरा वर्षं झाली, मला मॅडम म्हणतो आणि मी त्याला सर म्हणते. स्टाफरूमची रीत.

सहावीत अकरा पोरं. मागच्या वर्षी एकोणीस होती.

९ जुलै

पोरं शोधत दोन गावं फिरलो. मी, तेजराम सर, अतुल सर. एक बाई म्हणाली, शाळा तुमची चांगली आहे मॅडम, पन बस नाही ना तुमच्याजवळ. इंग्रजी शाळेची पिवळी बस तिच्या दारातच वळत होती. तेजराम सर त्या बसच्या ड्रायव्हरशीच गप्पा मारत बसले — कोणतं पोरगं गाडीत ओकतं, कोणाला नकोशी झालीय शाळा. एक नाव मिळालं! दिवसभरात एकच.

२२ जुलै, सोमवार

आली संचमान्यता. किती पोरांवर किती मास्तर ते सांगणारा कागद. सहावी ते आठवीच्या गटात एक जागा जास्त ठरली. एकाला जावं लागणार, जिल्ह्यात जिथं जागा रिकामी असेल तिथं.

नियम साधा आहे. सगळ्यात शेवटी लागला तो आधी जातो. शेवटी लागलेले दोघं — तेजराम सर आणि मी. दोघंही २ जुलै २००७ ला रुजू. मग वयानं लहान तो जातो. चंद्रकुमार सरांनी दोन्ही सर्व्हिस बुकं उघडली. १ जुलै १९८०. १ जुलै १९८०. परत पाहिली, जणू परत पाहिल्यानं कोणी एक दिवस आधी जन्मणार होतं. अतुल सर हसले.

संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, जुना काही पुरावा असेल तर आणा, कोतवाल बुकाची नक्कल वगैरे. सर्व्हिस बुकातली तारीख काही बदलणार नाही, पण तुमच्यात मोठं कोण ते ठरेल. मोठा असेल तो राहील. पंधरा दिवसांत काही आलं नाही, तर वरून जे नाव येईल ते.

घरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. ह्या माझ्या सासूबाई, कुंताबाई. दोन वर्षांपूर्वी डावी बाजू गेली. दुसऱ्या कोणाच्या हातून अंघोळ करून घेत नाहीत. विनोदचा ट्रक, महिन्यातले वीस दिवस नवरा कुठल्या राज्यात आहे ते मला फोनवरून कळतं. मुलगी खुशबू यंदा दहावीला. मी गेले तर ह्या घराचं काय? खरंच काय?

२३ जुलै

मधल्या सुट्टीत सोमाजीबाबा आले, नेहमीसारखे. तेजराम सरांचे वडील. डोकं चालत नाही हल्ली. जेवले ते विसरतात, घर विसरतात, पण शाळेची घंटा विसरत नाहीत. रुळाच्या तुकड्यावर वच्छलाबाईंनी ठोका टाकला की हे घरून निघतात आणि फाटकाशी येऊन उभे राहतात. सून तुळसावहिनी त्या वेळेला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असते. मग तेजराम सर फाटकाजवळच्या ओट्यावर बसून आपला डबा त्यांना भरवतात. सर उरलेलं खातात. रोज.

म्हणजे त्यांनाही जाणं परवडणारं नाही. ठाऊक आहे मला. लिहून ठेवते, म्हणजे नंतर ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही.

२६ जुलै, शुक्रवार

रजा टाकून तहसीलला गेले. कोणाला सांगितलं नाही.

कोतवाल बुक म्हणजे पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा ते. जातीच्या दाखल्यासाठी सगळं गाव ते शोधत असतं, मला आजवर गरज पडली नव्हती. रेकॉर्ड रूममध्ये डोमा नावाचा माणूस. वाटलं, दोन दिवस चकरा मारायला लावणार. पण आमच्या गावचं १९८० चं बुक वरच टेबलावर होतं, गठ्ठ्यातून काढलेलं! डोमा म्हणाला, "तुमचं नशीब चांगलं आहे बाई."

त्यात पोरांची नावं नसतात. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, तारीख. बोट फिरवत गेले. आधी मार्चचं पान लागलं.

सोमाजी — मुलगा — ३ मार्च १९८०.

पुढं जात राहिले. जून नाही, जुलै नाही. दिवाळी गेली तरी मी नाही! आणि मग शेवटी शेवटी —

लहानू — मुलगी — १४ डिसेंबर १९८०.

लहानू म्हणजे माझे बाबा, आणि त्यांना मी एकटीच. तेजराम माझ्याहून नऊ महिन्यांनी मोठा. मी साडेपाच वर्षांची होते आणि लांब हातांनी मला पहिलीत घातलं.

माझी नक्कल घेतली. का घेतली? फक्त पाहून येता आलं असतं. पण त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी खरी तारीख कोणीतरी शिक्का मारून देत होतं, सोडवेना. एसटीत खिडकीशी बसून चार वेळा वाचली. १४ डिसेंबर. मला माझा वाढदिवस मिळाला आणि त्याच कागदावर माझी नोकरीची जागा गेली.

सोमवारी सरांना देईन.

२९ जुलै, सोमवार

दिली नाही.

चंद्रकुमार सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आधी माझ्याकडे पाहिलं. तोंडातून आपोआप आलं — बुकाला वाळवी लागली आहे सर, आमच्या वर्षाची पानंच गेली. वाळवी! एवढं सफाईदार खोटं मी पोरांनासुद्धा बोलू देत नाही.

तेजराम सर सकाळपासून एक फाईल काखेत घेऊन फिरत होते. ती त्यांनी हळूच पिशवीत टाकली. म्हणाले, "मीबी गेलतो सर. मलेबी नाही भेटलं." एवढंच.

मला हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकामागून एक, श्वास घ्यायलाही फुरसत नाही. डोमानं त्यांना टोलवलं असणार. असंच असणार.

नक्कल लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवली.

३ ऑगस्ट, शनिवार

जीव जातो की काय असं झालं आज!

शाळा सुटल्यावर फाटकाशी सोमाजीबाबा. तेजराम सर त्यांना घेऊन निघाले होते, मी बाजूनं जात होते. बाबांनी माझा हात धरला. मला वाटलं ओळखलं नसेल. पण स्पष्ट बोलले — "तू लहानूची पोरगी ना? तुह्या घरी धानाचं चुरणं चालू होतं, तवा तू झाली. बैलं तशेच उभे. आन आमचा तेजू शिमग्याचा, धुळवडीच्या दुसऱ्या रोजचा."

चुरणं म्हणजे मळणी. ती डिसेंबरात. शिमगा मार्चात. ज्या माणसाला सकाळचा भात आठवत नाही त्याला हे आठवतं!

मी तेजराम सरांकडे पाहिलंच नाही. त्यांनी बाबांच्या खांद्यावरचा शेला सारखा केला आणि हसले. म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. बाबा काहीबी सांगते."

चोराच्या मनात चांदणं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सगळं कळलंय असंच वाटत होतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

तेजराम सरांनी लिहून दिलं. स्वखुशीनं जातो म्हणून.

चंद्रकुमार सरांनी मला बोलावून अर्ज दाखवला. त्यांचं अक्षर — गणिताच्या माणसाचं, प्रत्येक अक्षर वेगळं उभं. मी थेट प्रयोगशाळेत गेले. ते परीक्षानळ्या पुसत होते. काहून, असं विचारलं. 'का' ऐवजी काहूनच निघालं तोंडातून. शाळेत मी कधी गावचं बोलत नाही.

ते म्हणाले, "खुशबूची दहावी आहे. कुंताबाई तुमच्याशिवाय कोनाच्या हातून पानी पेत नाही. माह्या घरी तुळसा आहे. तुमच्या घरी कोन आहे?"

मी म्हटलं, आणि बाबा?

ते नळी उजेडाकडे धरून पाहत राहिले. "बाबाले समजावून सांगतो," म्हणाले.

हीच वेळ होती. आता सांगते, सर, माझ्याकडे नक्कल आहे — एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं. मी काय केलं? म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू! उपकार म्हणाले. चोरीला उपकार म्हणाले मी.

९ ऑगस्ट

आज कोणाशी बोलले नाही. सातवीला निबंध दिला.

२० ऑगस्ट, मंगळवार

निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. जाणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात कोण जाणे. जागा तुमसर तालुक्याच्या पार टोकाला मिळालीय, बावनथडीच्या काठी. नदीपलीकडं मध्य प्रदेश. इथून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून पुढं आणखी एक एसटी. खोली करून राहणार, पंधरा दिवसांनी येणार.

अतुल सर भाषणात म्हणाले, आता एक जुलैला चारच खुर्च्या. सगळे हसले. तेजराम सर म्हणाले, पाचवी काढू नका, मी येतो जिलेबी खायला.

मला बोलायला लावलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. लोक म्हणाले फार छान बोललात, रडवलंत. मी रडत होते ते खरं. कशासाठी ते त्यांना माहीत नाही.

२१ ऑगस्ट

मधली सुट्टी. घंटा झाली. सोमाजीबाबा फाटकाशी आले.

२२ ऑगस्ट

आज पण. तासभर उभे होते. वच्छलाबाईंनी घरी नेऊन सोडलं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून मी डब्यात एक वाटी भात जास्त नेणार. ओट्यावर बसले, वरणभात कालवला, पुढं केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं. म्हणाले, "तेजू?" मी म्हटलं, येतो आहे. मग जेवले.

अतुल सर खिडकीतून पाहत होते. नंतर म्हणाले, मॅडम तुमचं मन फार मोठं आहे. त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

२ सप्टेंबर

पोळा. सुट्टी. घंटा नाही. बाबा कुठं गेले असतील ह्या विचारानं दुपारी सायकल काढून बघून आले. बैलांजवळ बसले होते, शिंगांना हात लावत. बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तेजराम सर आले होते. दुपारी आमच्याकडे चहाला. वाळलेत. म्हणाले, तिकडची अर्धी पोरं हिंदीच बोलतात. "मी गनित हिंदीत शिकवून राहिलो. त्यायले समजते, मलेच समजत नाही." आईसुद्धा हसल्या, अर्ध्या तोंडानं.

मी ठरवलं होतं, आज सांगायचं. चहा ठेवायला आत गेले, पेटी उघडली, नक्कल हातात घेतली. बाहेर आले तर सर खुशबूची बीजगणिताची वही घेऊन बसलेले, लाल पेन तिच्याच कंपासमधून काढलेला. दीड तास शिकवलं. कागद माझ्या मुठीत चुरगळला. परत इस्त्रीसारखा हातानं सारखा करून ठेवला.

जाताना म्हणाले, पुढच्या खेपेला त्रिकोणमिती घेऊ. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत खुशबूचा बोर्डाचा फॉर्म तपासला. जन्मतारीख — दवाखान्याच्या दाखल्याप्रमाणे. तिची वेळसुद्धा ठाऊक आहे, दुपारचे दोन वाजून दहा. तिनं विचारलं, आई, तुझी खरी तारीख काय असेल गं? म्हटलं, एक जुलै. ती म्हणाली, खरी.

मी म्हटलं, गुरुजींना ठाऊक असेल. गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली.

२७ नोव्हेंबर

थंडी पडली. सोमाजीबाबांना मफलर दिला, विनोदचा जुना. आता ते मला तेजूच म्हणतात. मी त्यांची चूक सुधारत नाही.

तुळसावहिनी घरी येऊन रडून गेली. तुमच्यामुळं बाबा जगून राहिले ताई, म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले. तिला म्हणावंसं वाटलं, माझ्यामुळंच त्यांचा तेजू गेला गं. नाही म्हटलं. आता मी ह्यात चांगलीच तरबेज झाले आहे. एक खोटं पचलं की पुढची आपोआप पचतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार

उद्या माझा वाढदिवस. खरा, पहिला. कोणालाच ठाऊक नाही. मी एकटीनंच गोड खायचं ठरवलंय — शेवयाची खीर, आईंच्या निमित्तानं. त्यांना आवडते म्हणून सांगेन.

धानाची चुरणी चालू आहेत सगळीकडे. आता मशीननं करतात, बैल नाहीत. रस्त्यावर भुसा उडत होता. बाबा जेवता जेवता म्हणाले, "लहानूच्या घरी पोरगी झाली." मी म्हटलं, हो बाबा, झाली.

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी सात वाजायला दहा कमी. मोबाइल वाजला. तेजराम सरांचा मेसेज, बावनथडीहून.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, मॅडम. आज खरे चव्वेचाळीस पूर्ण."

ही तारीख मी विनोदलाही सांगितलेली नाही. डोमाच्या टेबलावर आधीच काढून ठेवलेलं ते बुक. काखेतून पिशवीत गेलेली ती फाईल.

पेटी उघडली. नक्कल पर्समध्ये ठेवली. खीर करायची राहिली. आज सकाळची शाळा आहे, चंद्रकुमार सर साडेसातला येतात.